छपराला पेलेल अशी वीज

विज्ञानाच्या विषयावर बोलायला मला बोलावलं, याचं नवल माझ्या घरच्यांनाच जास्त वाटलं. मी बी.ए., तोही मराठी घेऊन. पोटापाण्यासाठी अंजूरच्या एका गोदामात मालाची आवक-जावक लिहितो आणि उरलेल्या वेळात कविता. घरात कोकणी, गल्लीत उर्दू आणि कवितेत मराठी असा आमचा तिहेरी संसार आहे. त्यात हे सौर घट कुठून आले, तेच आधी सांगतो.

अंजूर म्हटलं की जाणकारांना नाईकांचा वाडा आठवतो, वसईच्या मोहिमेतले गंगाजी नाईक अंजूरकर आठवतात. आमच्या पिढीला मात्र खाडीकाठची भातखाचरं आणि त्यांच्या जागी एकामागून एक उभी राहिलेली गोदामं दिसतात. आकाशातून पाहिलं तर सगळीकडे पत्राच पत्रा. या गोदामांच्या पलीकडे, गावाच्या शिवेवर माझ्या मेहुण्यांचा चोवीस मागांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, लोखंडी कैच्या आणि वर सिमेंटचे पत्रे. यंत्रमागवाल्याच्या घरात सुतानंतर दुसरी चिंता विजेच्या बिलाची. पूर्वी भारनियमनाने माग थांबायचे. २००७ मध्ये भिवंडीतलं वीजवितरण फ्रँचायझी म्हणून खासगी कंपनीकडे गेलं. पण वीज कुणीही पुरवो, ती जाळली की बिल येतंच.

म्हणून मेहुण्यांनी सौर पॅनेल बसवायचं ठरवलं. बसवणारा माणूस आला, शिडी लावून वर चढला, दोन कैच्यांवर हातोडी वाजवून पाहिली आणि खाली उतरला. म्हणाला, "शेठ, ऊन भरपूर आहे, पण छप्पर पेलणार नाही." आणि चहा घेऊन निघून गेला.

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. कवितेत ऊन कसं अगदी फुकट आणि बिनवजनाचं असतं! इथे उन्हालाही वजन निघालं. काचेचं नेहमीचं सिलिकॉन पॅनेल चौरस मीटरला अकरा-बारा किलो भरतं, खालचा सांगाडा धरला तर पंधराच्या आसपास. मेहुण्यांना लागणारी पॅनेलं ९० चौरस मीटरची. म्हणजे सव्वा टनाहून जास्त भार झाला. त्यात कोकणातला वारा पॅनेलला खालून उचलतो, ते वेगळंच.

त्या रात्री जेवताना माझी भाची म्हणाली, "अब्बा, सेंद्रिय सौर घट असतात. कागदासारखे पातळ. पत्र्यावर चिकटवता येतात." ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. मेहुण्यांनी घास तसाच धरून विचारलं, "सेंद्रिय म्हणजे? शेणखताचे?"

आम्ही हसलो खरे, पण त्यांची चूक नव्हती. बाजाराने सेंद्रिय हा शब्द गूळ, तांदूळ आणि भाजीपाल्याला चिकटवून टाकलाय. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगं. साखर, सूत, प्लास्टिक, रंग ही सगळी त्यातलीच. आणि या घटांची गोष्ट सुरू होते ती रंगापासूनच. कॉपर थॅलोसायनिन नावाचं एक निळं रंगद्रव्य आहे. आपल्या छपाईच्या शाईत, भिंतीच्या रंगात आणि प्लास्टिकच्या निळ्या बादलीत तेच असतं. त्याच्या रेणूची ठेवण पानांतल्या हिरव्या रंगाशी आणि रक्तातल्या लाल रंगाशी नातं सांगणारी आहे. कोडॅक कंपनीत काम करणाऱ्या चिंग टँग यांनी या निळ्या रंगाचा एक थर आणि त्यावर दुसऱ्या एका रंगद्रव्याचा थर देऊन घट बनवला आणि १९८६ मध्ये तो प्रसिद्ध केला. पडलेल्या उन्हातला जेमतेम एक टक्का भाग त्याने विजेत बदलला.

एक टक्का म्हणजे फारच थोडं. पण १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा पहिला कामाचा घट दाखवला, तेव्हा तोही सहाच टक्क्यांचा होता. आज बाजारातली चांगली पॅनेलं २० ते २३ टक्क्यांची असतात. मग रंगाचा घट एका टक्क्यावर का अडला? हा प्रश्न मी भाचीला विचारला आणि त्यानंतरचे दोन महिने ती मला शिकवत राहिली. मी तिला हिशोबाची वही दिली होती, त्यात तिने चित्रं काढली. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो.

सिलिकॉनवर ऊन पडलं की इलेक्ट्रॉन सुटतो आणि मोकळा फिरू लागतो. त्याच्या जागी एक रिकामी जागा राहते, तिला होल म्हणतात. दोघं दोन दिशांना गेले की वीज मिळाली. रंगाच्या रेणूत मात्र तसं होत नाही. इलेक्ट्रॉन उठतो, पण त्याची रिकामी जागा त्याला सोडत नाही. दोघं एकमेकांना धरूनच हिंडतात. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. ही जोडी फार अल्पायुषी असते आणि तेवढ्या आयुष्यात ती साधारण दहा नॅनोमीटर चालते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. दहा नॅनोमीटरच्या आत तिला दुसऱ्या जातीच्या रेणूची सीमा भेटली, तर इलेक्ट्रॉन तिकडे उडी मारतो आणि जोडी फुटते. नाही भेटली, तर इलेक्ट्रॉन आपल्या जागी परत बसतो आणि पकडलेलं ऊन उष्णता होऊन वाया जातं.

अडचण आता लक्षात येईल. ऊन नीट पकडायचं तर रंगाचा थर निदान शंभर नॅनोमीटर तरी जाड हवा. हासुद्धा केसाच्या जाडीचा साधारण आठशेवा भाग. पण जोडी चालणार फक्त दहा. टँग यांच्या घटात दोन थर एकावर एक होते, म्हणून सीमेला लागून असलेल्या पट्ट्यातल्याच जोड्या कामी आल्या, लांबच्या सगळ्या वाटेतच संपल्या.

यावरचा तोडगा ऐकला तेव्हा मी वही मिटून मेहुण्यांच्या कारखान्यात जाऊन उभा राहिलो. तोडगा असा की दोन थर एकावर एक ठेवायचेच नाहीत, ते एकमेकांत विणायचे. १९९५ मध्ये ॲलन हीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीज वाहून नेणारं एक प्लास्टिक आणि फुलरीन नावाचे फुटबॉलच्या आकाराचे कार्बनचे रेणू एकाच द्रवात विरघळवले, त्याचा पातळ थर दिला आणि वाळू दिला. वाळताना दोन्ही पदार्थ अर्धवट वेगळे झाले आणि एकमेकांत गुंतलेल्या धाग्यांसारखे बसले. आता जोडी कुठेही जन्मली, तरी दुसऱ्याचा धागा तिच्या जवळच. वीज वाहणाऱ्या प्लास्टिकच्या शोधासाठी याच हीगर यांना मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांच्याबरोबर २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ताणा-बाण्याची ही गोष्ट भिवंडीच्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. धागा फार जाड झाला तर जोडीला सीमेपर्यंत पोचता येत नाही. फार बारीक झाला, सगळं एकजीव झालं, तर जोड्या फुटतात भराभर, पण सुटलेल्या इलेक्ट्रॉनला बाहेर जायला सलग वाट राहत नाही. वाटेत तार तुटलेली असते. मागावर तार तुटली तर माग थांबवून गाठ मारता येते. इथे गाठ मारायला हात पोचत नाही, त्यामुळे जे काही साधायचं ते वाळतानाच साधावं लागतं.

आमच्याकडे ताण्याच्या सुताला खळ लावून ते वाळवतात. जास्त वाळलं तर सूत कडक होऊन तुटतं, ओलं राहिलं तर एकमेकांना चिकटतं. खळीवरचा जुना कारागीर बीमवर बोट फिरवून सांगतो, झालं की नाही ते. सेंद्रिय घटांची कार्यक्षमता वाढवण्याची निम्मी कहाणी अशीच वाळवण्याची आहे. २००५ च्या सुमाराला संशोधकांच्या लक्षात आलं, की तोच मसाला हळू वाळवला किंवा नंतर नीट तापवला, तर घट चार-पाच टक्क्यांपर्यंत जातो. २००७ मध्ये सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्या द्रवात गंधकाचा अंश असलेल्या दुसऱ्या एका द्रवाचे थोडे थेंब घातले. हे थेंब उशिरा उडतात, त्यामुळे रेणूंना रांगेत बसायला थोडा वेळ जास्त मिळतो. एवढ्याने कार्यक्षमता २.८ वरून ५.५ टक्क्यांवर गेली. पदार्थ तेच होते, बदललं ते फक्त वाळणं.

पण वाळवण्यालाही मर्यादा असते. सूतच हलकं असेल तर खळ तरी काय करणार? फुलरीन हे सूत एका बाबतीत हलकं होतं. ते इलेक्ट्रॉन घ्यायचं छान, पण स्वतः ऊन फारसं पकडत नव्हतं. म्हणजे भागीदारीत दोघं, दुकानावर बसणार एकटा. शिवाय जोडी फोडताना विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, बराच खर्ची पडायचा. फुलरीनचे घट अकरा टक्क्यांच्या आसपास येऊन रेंगाळले. त्यापुढे हे जाणार नाहीत, असं अनेकांना वाटू लागलं होतं. हीगर ज्या कोनार्का कंपनीच्या संस्थापकांत होते, ती २००१ मध्ये अमेरिकेत निघाली आणि २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. घट कमी टक्क्यांचे, आयुष्य थोडं, आणि त्याच काळात सिलिकॉनचे भाव धडाधड उतरलेले. धंदा कुणाचा का असेना, एखादा कारखाना बंद पडल्याचं वाचलं की मला वाईट वाटतं. भिवंडीत बंद मागांचा भंगारात जातानाचा आवाज मी पुष्कळ ऐकलाय.

वाट मोकळी केली ती चीनमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी. २०१५ मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या शाओवेइ झान यांच्या गटाने फुलरीनऐवजी एक लांबट, चपटा रेणू आणला. त्याचं बळ हे, की तो स्वतःही ऊन पकडतो. मग २०१९ मध्ये चांगशा इथल्या यिंगपिंग झोऊ यांच्या गटाने 'वाय-६' हा रेणू दिला. चंद्रकोरीसारखा वाकलेला. (हे ऐकून मी भाचीला म्हटलं, अगं, हा तर ईदचा रेणू! तिने वहीत तो तसाच काढून दिला.) हा रेणू डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा प्रकाशही पकडतो. जोडीदार प्लास्टिक निळा-हिरवा भाग पकडतं, हा तांबडा आणि त्यापलीकडचा. उन्हाचे रंग दोघांनी वाटून घेतले. शिवाय जोडी फोडायला आता पूर्वीइतकं व्होल्टेज मोजावं लागेना. पहिल्याच फटक्यात १५.७ टक्के. २०२० मध्ये १८ च्या पुढे, आणि २०२४ मध्ये तर २० टक्के ओलांडल्याचे निष्कर्ष एकाहून अधिक प्रयोगशाळांनी प्रसिद्ध केले. आता दोन पदार्थांत तिसरा थोडासा मिसळतात, कधी तो राहिलेला रंग पकडायला, कधी नुसता बाकीच्यांना नीट बसवायला.

इथवर ऐकून मेहुणे खूश झाले. वीस तर वीस, सिलिकॉनच्या जवळच आलं की! त्यांनी फोनही उचलला. तेव्हा भाचीने आपल्या करंगळीचं नख पुढे केलं. म्हणाली, "अब्बा, विसाचा घट ह्याच्याहूनही लहान असतो."

हा मुद्दा पाहुण्याला दारातच सांगावा असा आहे. प्रयोगशाळेतला विक्रमी घट चौरस सेंटिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान असू शकतो. तो बंद पेटीत, नायट्रोजन वायूत, भिंगरीसारख्या फिरणाऱ्या चकतीवर थेंब टाकून बनवतात. मोठा पत्रा करायचा तर छापखान्यासारख्या रुळांवर, उघड्या हवेत, लांबच लांब थर द्यावा लागतो. कुठे थर जाड बसतो, कुठे धुळीचा कण येतो, दोन घटांना जोडणाऱ्या रेघांमध्ये जागा जाते. क्लोरोफॉर्मसारखे विषारी द्रव कारखान्यात पिंपांनी वापरता येत नाहीत, म्हणून कमी घातक द्रव शोधावे लागतात आणि द्रव बदलला की वाळणं पुन्हा बिघडतं. २०२३ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेन-न्यूरेंबर्गच्या संशोधकांनी २०४ चौरस सेंटिमीटरच्या सेंद्रिय पॅनेलवर १४.४६ टक्के गाठले, ती मोठी बातमी झाली. २०४ चौरस सेंटिमीटर म्हणजे वहीच्या पानापेक्षाही लहान. चिकटवायच्या पट्ट्या म्हणून विक्रीला आलेला माल आठ टक्क्यांच्या आसपासचाच होता.

मग आम्ही वहीत हिशोब मांडला. एका मागाची मोटर एक अश्वशक्तीची धरली, तर चोवीस मागांना साधारण १८ किलोवॅट लागतात. भर दुपारी चौरस मीटरवर हजार वॅट ऊन पडतं. २० टक्क्यांनी ९० चौरस मीटर जागा पुरते, १४ टक्क्यांनी १३० लागते आणि ८ टक्क्यांनी २२५. मेहुण्यांचं छप्पर २५० चौरस मीटरचं आहे. म्हणजे जागा पुरते. वजनही चौरस मीटरला दोन किलोच्या आत, म्हणजे साडेचारशे किलो, आणि तेही साऱ्या छपरावर पसरलेलं. मग अडलं कुठे? पट्टीचं आवरण, गोंद, तारा आणि मजुरी यांचा खर्च चौरस मीटरवर होतो, युनिटवर होत नाही. टक्के निम्मे झाले की हा सगळा खर्च युनिटमागे दुप्पट. संशोधक एकेका टक्क्यासाठी वर्षानुवर्षं का झुरतात, ते मला त्या आकड्यांवरून कळलं.

आणि दुसरा आकडा त्याहून कडू निघाला. आपल्याकडे एक किलोवॅटचा सौर संच वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चारेक युनिट देतो. १८ किलोवॅटचे झाले ७२ युनिट. माग दिवसरात्र चालले तर लागतात ४३० च्या वर. म्हणजे छप्पर कुठल्याही घटाचं असो, बिलाचा सहावा हिस्सा वाचतो. रात्रपाळी काही उन्हावर चालत नाही.

राहिला पाऊस. सेंद्रिय घटांचे शत्रू दोनच, ओल आणि प्राणवायू. उन्हातला जंबुपार भागही त्यांच्या रेणूंना कुरतडतो. पॅनेलची परीक्षा घेताना ते ८५ अंश सेल्सिअस तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत सलग १००० तास ठेवतात. मेहुणे म्हणाले, "ही तर आमच्या कारखान्यातली जूनची दुपार झाली." तापमानात थोडी अतिशयोक्ती होती, ओलीत नव्हती. सिलिकॉन पॅनेलला पंचवीस वर्षांची हमी मिळते. रंगाच्या घटाला तेवढं टिकवायचं तर दोन्ही बाजूंना ओल अडवणारं आवरण लागतं आणि चांगलं आवरण महाग पडतं. म्हणून आता संशोधन टक्क्यांइतकंच टिकण्यावरही चाललंय.

आपल्याकडे काय चाललंय, हे विचारणं ओघानेच आलं. आमच्यापासून फार दूर नसलेल्या पवईच्या आयआयटीत २०१० मध्ये प्रकाशविद्युत संशोधन आणि शिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. तिथल्या प्रा. दिनेश काब्रा यांच्या गटाने सिलिकॉनच्या घटावर पेरोव्स्काइटचा घट ठेवून कार्यक्षमता तीस टक्क्यांच्या जवळ नेली. पेरोव्स्काइट हा सेंद्रिय घटांचा चुलतभाऊ. तोही द्रवातून थर देऊन बनतो आणि त्याच्या अनेक प्रकारांत निम्मा भाग सेंद्रिय, निम्मा असेंद्रिय असतो. टक्क्यांत तो पुढे आहे, पण त्यात शिसं असतं आणि ओलीला तोही भितो. रुरकीच्या आयआयटीत २०१७ मध्ये जांभळाच्या रंगाने घट बनवला होता. कार्यक्षमता अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पण जांभळाने जीभ रंगवलेल्या प्रत्येकाला ही बातमी आवडेल, मला तर फारच आवडली.

सेंद्रिय घटांना आज खरी जागा आहे ती जिथे वजन चालत नाही, आरपार दिसायला हवं असतं, किंवा ऊनच नसतं. खोलीतल्या दिव्याखाली हे घट पडलेल्या प्रकाशाचा पंचवीस टक्क्यांहून जास्त भाग विजेत बदलू शकतात, कारण दिव्याचे रंग त्यांच्या रंगांशी जुळवून घेता येतात. प्रकाशच थोडा, त्यामुळे वीजही थोडी, पण भिंतीवरचा एखादा तापमापक तिच्यावर चालतो. माग नाही चालत.

मेहुण्यांनी शेवटी काय केलं, ते सांगून थांबतो. पावसाआधी त्यांनी अर्ध्या छपराच्या कैच्या बदलून घेतल्या आणि तेवढ्या भागावर नेहमीची सिलिकॉनची पॅनेलं बसवली. कर्ज काढावं लागलं. उरलेल्या अर्ध्या छपराचं काय, म्हणून मी विचारलं, तर ते भाचीकडे बोट दाखवून म्हणाले, "तिला विचारा, किती वर्षं थांबायचं ते." ती परीक्षेचा अभ्यास करत होती. मान वर न करता म्हणाली, "आधी त्या बाजूचे फुटके पत्रे तर बदला, अब्बा."